जड पांघरूण धुण्याआधी ते वाळणार कधी, याचा हिशेब करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव दर्यापूर तालुक्यातलं, बोअरचं पाणी खारं. घरात दोन कापसाच्या रजया, तीन-चार गोधड्या, एक मिंक ब्लँकेट, एक घोंगडी आणि कापसाच्या गाद्या. साडेसहा किलोचं नवीन मशीन आलं म्हणून घट बसण्याआधी त्यात एक रजई धुतली. कापसाचे गोळे झाले, आठ दिवस उन्हात टाकूनही कुबट वास जात नाही. आता बाकीचं कसं धुवायचं आणि पावडर कोणती घ्यायची, हे तुम्हाला हवं आहे.

पावडरीचं पुढे सांगतो. तुमची रजई बिघडली ती पावडरीमुळे नाही. जड पांघरुणातला मळ निघतो. आत शिरलेलं पाणी लवकर निघत नाही, खरी अडचण तिथे आहे. चादर दोन तासांत वाळते. रजईच्या पोटातलं पाणी दोन-तीन दिवस तिथेच बसतं, आणि ओला कापूस एक दिवस-रात्र तसाच राहिला की त्याला वास धरायला लागतो. धुलाईच्या कामात मी एक नियम कधी मोडत नाही: जी वस्तू दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पोटातून कोरडी होणार नाही, ती पाण्यात घालायचीच नाही. तिची काळजी दुसऱ्या रीतीने घ्यायची.

कोणती वस्तू वाळेल आणि कोणती नाही, हे आत काय भरलंय त्यावर ठरतं. माहीत नसेल तर कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवा आणि चिमूटभर भरण बाहेर काढा. ओढल्यावर सहज तुटतो, मळकट पांढरा दिसतो तो कापूस. चमकतं, दाबून सोडलं की उसळून वर येतं ते फायबर. रेशमासारखी मऊ, फुंकरीने उडणारी ती सावरी. जुन्या उशांमध्ये ती अजून सापडते. शंका राहिलीच तर अंगणात चिमट्यात धरून काडी लावा. कापूस कागदासारखा जळून राख होतो, फायबर वितळून त्याचा कडक मणी होतो.

पिंजलेल्या कापसाचा एकेक तंतू सुटा असतो आणि मधे हवा असते. रजईची ऊब या हवेची. पाणी लागलं की हवा निघून जाते आणि तंतू एकमेकांना चिकटून बसतात. वरून मशीनने घुसळलं की ते पिळून एकमेकांत गुंततात आणि त्यांचे गोळे होतात. फायबरच्या धाग्याला स्वतःचा ताठपणा असतो, म्हणून वाळल्यावर ते परत फुलतं. कापूस आपोआप फुलत नाही, त्याला पिंजावंच लागतं. तेव्हा कापसाची रजई मशीनमध्ये काय, हातानेही धुवायची नाही. सावरीची उशीही नाही. फायबरची रजई मात्र खुशाल धुवा.

मशीनवरचे 6.5 किलो म्हणजे सुटे, कोरडे सुती कपडे. जड पांघरुणाला तो आकडा लावता येत नाही, कारण ते वजनाआधी जागा भरतं. वस्तू ड्रममध्ये घातल्यावर वर किंवा बाजूला तुमचा तळहात आरामात फिरला पाहिजे. फिरत नसेल तर पाणी आतपर्यंत पोचत नाही, फक्त बाहेरची घडी धुतली जाते. पिळताना सगळं ओझं एका अंगाला गेलं की मशीन जागेवरून सरकतं, आदळतं आणि त्याचे शॉक ॲब्झॉर्बर लवकर जातात. दोन टबांच्या मशीनच्या ड्रायरमध्ये तर गोधडी कोंबूच नका.

आता बिघडलेल्या रजईबद्दल. तिला पुन्हा धुऊ नका आणि अत्तर, फिनाईल असलं काही मारू नका. एक बाजू पूर्ण उसवा, कापूस बाहेर काढा आणि जुन्या धोतरावर पातळ पसरा. गोळे हाताने फोडा, दोन दिवस कडक ऊन द्या, दिवसातून तीनदा उलटा. वास गेला आणि कापूस पांढराच असेल तर पिंजाऱ्याकडे नेऊन पिंजून घ्या, पुन्हा भरा आणि चार-चार बोटांच्या अंतरावर टाके घाला. टाके लांब पडले तर कापूस सरकतो आणि रजई मधे पोकळ, कडेला जाड होते. कापसात काळे किंवा हिरवट डाग दिसले तर त्याची आशा सोडा. ती बुरशी आहे. पिंजताना तिची धूळ पिंजाऱ्याच्या छातीत जाते आणि नंतर पांघरणाऱ्याच्या नाकात. असा कापूस टाकून द्या. कापड मात्र वाचवता येतं, ते सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुऊन घ्या.

दुसऱ्या, चांगल्या रजईला आजच खोळ शिवा. दोन जुन्या मऊ सुती साड्या जोडल्या की एका माणसाच्या रजईला पुरतात. मापात रजईपेक्षा इंचभर मोठी ठेवा, फार ढगळ नको. चारही कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्यावर आतून नाड्या लावा, रजईलाही तिथेच नाड्या टाका आणि बांधा. नाही तर रात्रीतून रजई खोळीत गोळा होते. डोक्याकडची बाजू आधी मळते, कारण तेल आणि घाम तिथे लागतो. म्हणून त्या बाजूला हातभर रुंदीची वेगळी सुती पट्टी कच्च्या धाग्याने टाचा. ती आठवड्याला काढून धुवायची, खोळ पंधरा दिवसांनी. आतल्या रजईला पाणी कधीच नको. महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी तीन-तीन तास ऊन द्या आणि हलक्या हाताने झटका.

गोधडीची गोष्ट वेगळी. तिच्यात सुटं भरण नसतं, जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवलेले असतात. ती धुता येते, धुवावीच. पण त्याआधी पाण्याचं बघू.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांमधून जो खारपाणपट्टा जातो, तिथे धुणाऱ्याला दोन वेगळे त्रास असतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला त्रास जडपणाचा. पाण्यातले चुन्याचे क्षार साबणाच्या वडीशी मिळून चिकट साका तयार करतात. फेस होत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो, आणि तो साका गोधडीच्या थरांमध्ये जाऊन बसतो. कापड राठ होतं, मळ धरायला लागतं. अशा पाण्यात वडीपेक्षा पावडर बरी, आणि पावडरीच्या आधी पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. 20 लिटरला 15 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट चमचे, पुरतो. खाण्याचा सोडा इथे चालत नाही.

दुसरा त्रास मिठाचा. सोड्याने मीठ जात नाही, उकळूनही जात नाही. कापड वाळलं की मीठ धाग्यातच राहतं आणि पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं. पांघरूण कोरडं असूनही गार आणि चिकट लागतं ते यामुळे. याला एकच उपाय आहे: शेवटचं खळबळणं गोड पाण्यात. सगळी धुलाई गोड पाण्यात करायची गरज नाही आणि तेवढं पाणी मिळतही नाही. शेवटचे 30 लिटर नळयोजनेचे किंवा पत्र्यावरून साठवलेल्या पावसाचे असले की काम होतं. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडे खारेपणा इतका नसेल तर फक्त जडपणाचा विचार करा. सुरुवातीला फेस चटकन झाला तर सोडा निम्मा करा.

पावडर कोणती, याचं उत्तर आता देता येतं: कमी फेसाची कोणतीही साधी. महागडं लिक्विड लागत नाही. जड कापडातून फेस काढायला मळ काढण्यापेक्षा जास्त पाणी जातं, म्हणून पावडर नेहमीच्या अंदाजापेक्षा कमीच घ्या.

गोधडी धुवायची ती अशी. आदल्या दिवशी ती कोरडीच दोरीवर टाकून काठीने बडवा. ही पायरी सोडली तर आतली धूळ पाण्यात चिखल होते आणि थरांत बसते. उसवलेले टाके कोरड्यातच शिवून घ्या, कारण ओल्या वजनाने बोटभर भोक वीतभर होतं. लाल, मरून, गडद निळ्या ठिगळांवर ओलं पांढरं फडकं अर्धा मिनिट दाबून बघा. रंग लागला तर ती गोधडी एकटी, थंड पाण्यात आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त न भिजवता धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने सुटणारा रंग थांबतो असं सगळेच सांगतात, पण तसं होत नाही.

भांडं मोठं नसेल तर बाज उलटी करा, पाय वर, आणि आत ताडपत्री अंथरून तिचे कोपरे चारही पायांना बांधा. उत्तम टाकं होतं. त्यात 40 लिटर पाणी घ्या, हाताला सोसेल इतकं कोमट असेल तर छान. सोडा 30 ग्रॅम, मग तांब्याभर गरम पाण्यात आधी विरघळवलेली 50 ग्रॅम पावडर, म्हणजे अर्धी वाटी. कोरडी पावडर गोधडीवर टाकू नका, तिचे पांढरे डाग थरांत अडकतात. भिजवणं अर्धा-पाऊण तास. रात्रभर भिजवल्याने जास्त स्वच्छ होत नाही, उलट निघालेला मळ आणि रंग परत कापडात बसतो.

मग तीन घड्या करून पायाने तुडवा, दहा मिनिटं एका बाजूने, दहा दुसऱ्या. दगडावर आपटू नका. आपटल्याने कापडाआधी धावदोरा तुटतो, आणि दोरा तुटला की आतले थर सरकून गोळा होतात. पाणी सोडायचं असेल तेव्हा ताडपत्रीची एक बाजू सोडा आणि पाणी वाहू द्या. ओली गोधडी एका टोकाने उचलायची नाही. तीन-साडेतीन किलोची गोधडी निथळल्यावरही दुप्पट-तिप्पट भरते आणि ते सगळं वजन दोन-चार टाक्यांवर येतं. घडी घालून, खालून दोन्ही हात देऊन, दोघांनी मिळून उचला.

आता पाणी वाचवायची खरी जागा येते. एक पाणी झालं की लगेच दुसऱ्यात टाकण्याऐवजी गोधडी दुसऱ्या बाजेवर पसरून 20 मिनिटं निथळू द्या, हाताने दाबा. साबणाचं पाणी आधीच निघून गेलं तर 30-30 लिटरची तीन पाणी पुरतात. घाई केली तर पाच पाणी घालूनही बुळबुळीतपणा राहतो. तिसरं पाणी गोड, आणि त्यात चमचाभर लिंबूसत्त्व. ते उरलेला सोडा मारतं आणि कापड मऊ ठेवतं. एका गोधडीला असं एकूण 130 लिटर पाणी लागतं. तिसरं पाणी ओतून देऊ नका, पुढच्या गोधडीच्या भिजवणीला ते चालतं.

इथे एक धोक्याचं. डागांसाठी ब्लीचिंग पावडर वापरणारी घरं बरीच आहेत. ब्लीचिंगच्या पाण्यात लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत तो जीवावर बेतू शकतो. रंगीत गोधडीला ब्लीचिंग नकोच.

दुसरा धोका शेतीच्या घरांतला. भिजवायला मोठं भांडं हवं म्हणून कीटकनाशकाचे रिकामे कॅन कापून वापरतात. कितीही धुतले तरी ते अंथरुणासाठी वापरू नका. फवारणीचे कपडे पांघरुणाबरोबर एका पाण्यात टाकू नका, त्याच दोरीवर शेजारी वाळत घालू नका. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हे विष कातडीतूनही अंगात जातं, आणि पांघरूण सात-आठ तास कातडीला लागून असतं. लहान मुलं तर ते तोंडात घेतात.

वाळवताना गोधडी आधी तासभर बाजेवरच आडवी निथळू द्या. सुतळीच्या विणीतून खालूनही हवा लागते. पिळायची नाही; गुंडाळून दोघांनी दाबली तरी बरंच पाणी निघतं. मग दीड-दोन फुटांच्या अंतराने दोन दोऱ्या बांधा आणि गोधडी दोन्हींवरून अशी टाका की मधून वारा जाईल. एकाच दोरीवर टाकली की दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि आतली बाजू ओलीच राहते. पऱ्हाटीच्या कुडावर टाकाल तर काड्यांत धागे अडकतात. गंजक्या तारेवर टाकाल तर जन्माचा डाग. रंग उडू नये म्हणून उलटी बाजू वर ठेवा.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 44-45 वर जातो आणि हवा कोरडी असते. सकाळी नऊला टाकलेली गोधडी दुपारी एकदा उलटली तर संध्याकाळी वाळते. नोव्हेंबर-डिसेंबरात दोन दिवस धरा, आणि दव पडायच्या आत घरात घ्या. नवरात्राआधी सगळी अंथरुणं धुवायची पद्धत चांगलीच आहे, पण त्या दिवसांत पाऊस पुरता गेलेला नसतो. तुमची रजई त्यातच सापडली. तेव्हा चादरी, खोळी आणि पातळ पांघरुणं धुऊन घ्या. जाड गोधड्या ऊन पक्कं झाल्यावर, किंवा सरळ उन्हाळ्यात.

वाळली की नाही हे संध्याकाळी हात लावून कळत नाही. उन्हाने तापलेलं कापड ओलं असूनही कोरडं वाटतं. रात्री घरात पसरून ठेवा आणि सकाळी, सगळं गार झाल्यावर, सर्वात जाड जागा गालाला लावा. जिथे थंडगार लागेल तिथे पाणी आहे. मग आणखी एक दिवस ऊन, त्याशिवाय घडी नाही.

मिंक ब्लँकेट हे कृत्रिम धाग्याचं असतं. मशीनमध्ये मावत असेल तर एकटंच, थंड पाण्यात, निम्म्या पावडरीत. गरम पाणी आणि इस्त्रीने त्याची लव चिकटून बसते आणि ती परत उभी राहत नाही. वाळवा सावलीत, वाऱ्यावर.

घोंगडी शक्यतो धुऊ नका, उन्हात झटका. लोकरीच्या केसाला खवले असतात. गरम पाणी, सोडा आणि घुसळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात, घोंगडी आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. शिवाय तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, ती पाण्यात जाते आणि अंग ढिलं पडतं. धुवावीच लागली तर थंड पाणी, रिठ्याचा फेस, फक्त दाबायचं, आणि आडवी वाळवायची.

कापसाच्या गादीला पाणी नको. महिन्यातून एकदा बाजेवर टाकून दोन्ही बाजूंनी ऊन, आणि तीन-चार वर्षांनी उसवून खोळ धुवायची, कापूस पिंजून घ्यायचा. बाळाने ओली केली तर लगेच कोरड्या फडक्याने दाबून टिपा, थंड पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा आणि ती जागा उन्हाकडे ठेवा. गरम पाणी लावू नका. रक्त आणि दूधही आधी थंड पाण्यानेच. गरम पाण्याने हे डाग पक्के होतात.

घरात कुणाला खरूज झाली असेल तर उपचार सुरू होईल त्या दिवशी चादरी-खोळी उकळत्या पाण्यात टाका. न धुता येणारी रजई पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. तो किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. ढेकणांचं तसं नाही. ते खाल्ल्याशिवाय महिनोन्महिने राहतात आणि नुसतं ऊन दिलं तर सावलीकडे पळतात. अंथरुणाला ऊन द्याल त्याच दिवशी बाजेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता.

ठेवणीचं एवढंच. पेटीत तळाला वर्तमानपत्र आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला; ओला पाला टाकला तर तोच ओल धरतो. पांघरूण प्लास्टिकमध्ये नको, जुन्या सुती लुगड्यात बांधा. डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील तर ते पांघरूण चार-पाच दिवस उन्हा-वाऱ्यात टाकल्याशिवाय वापरू नका, आणि तान्ह्या बाळासाठी तर त्या गोळ्यांतलं पांघरूण नकोच. काही बाळांच्या रक्तातल्या पेशी त्या वासाने फुटतात. पावसाळ्यात चार दिवसांची उघडीप मिळाली की पेटी रिकामी करून सगळं वाऱ्यावर टाका, आणि परत भरताना खालचं वर, वरचं खाली करा.